समजा, घर्षण ०.२ आहे

शाळेत भूमितीच्या वहीत प्रमेय लिहिताना तीन मथळे ठरलेले असत: पक्ष, साध्य, सिद्धता. पक्ष म्हणजे दिलेलं, साध्य म्हणजे सिद्ध करायचं ते. आमच्या बाई पक्ष लिहिल्याशिवाय पुढे सरकू देत नसत. एकदा मी सिद्धतेत अडकले, तेव्हा पक्षात हळूच एक ओळ वाढवली, की अमुक दोन कोन समान आहेत. मग प्रमेय दोन ओळींत सुटलं. बाईंनी त्या ओळीखाली लाल शाईने एवढंच लिहिलं: 'हे कोणी दिलं?'

पुढे मी इंजिनिअर झाले आणि गेली बरीच वर्षं पुण्यात फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस करते. म्हणजे एखादा लोखंडी भाग संगणकात लाखो बारीक तुकड्यांत विभागायचा, सगळ्या तुकड्यांची समीकरणं एकत्र सोडवायची आणि तो भाग वाकेल, तुटेल की टिकेल ते सांगायचं. या कामाच्या अहवालातही सुरुवातीला पक्षाचं एक पान असतं. त्याचं शीर्षक 'गृहीतके'. ते पान सहसा कोणी वाचत नाही. माझ्या एका जुन्या अहवालात त्या पानावर चौथी ओळ अशी आहे: पृष्ठभागांमधील घर्षणगुणांक ०.२. ती ओळ मी लिहिली, आणि ती आधी तशी नव्हती.

ती समजण्यासाठी बोल्टचा सांधा नेमका कसा काम करतो हे थोडं सांगावं लागेल. बोल्टने जोडलेल्या दोन पट्ट्या पाहिल्या की वाटतं, बोल्ट खिळ्यासारखा मध्ये उभा आहे आणि पट्ट्यांना सरकू देत नाही. चांगल्या सांध्यात तसं होत नाही. भोक बोल्टपेक्षा थोडं मोठंच असतं, बोल्टचा दांडा भोकाच्या कडेला टेकतही नाही. नट आवळला की बोल्ट ताणला जातो, स्प्रिंगसारखा, आणि ही ताणलेली स्प्रिंग दोन पट्ट्या एकमेकींवर दाबून धरते. त्या दाबामुळे पट्ट्यांमध्ये जे घर्षण निर्माण होतं, ते आडवा भार पेलतं. म्हणजे खरं काम घर्षण करतं. बोल्टचं काम फक्त घर्षणाला दाब पुरवण्याचं.

पण बोल्टमध्ये हा ताण किती आला, हे बाहेरून दिसत नाही. आपण पान्ह्यावर किती जोर लावला तेवढंच मोजता येतं, म्हणजे टॉर्क. आणि त्या जोरापैकी ढोबळमानाने निम्मा नटाखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात जातो, बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १० टक्के. महिन्याच्या पगारातले नव्वद टक्के खर्चात जाणाऱ्या घरासारखा हा हिशोब आहे. घरभाडं थोडंसं वाढलं की शिल्लक निम्म्यावर येते.

आकड्यांत सांगते. ८.८ प्रतीचा एम-१२ बोल्ट ८८ न्यूटन-मीटरला आवळला, तर नेहमीच्या सूत्राने त्यात साधारण ३७ किलोन्यूटन ताण येतो. म्हणजे पावणेचार टन. सूत्रात एक 'नट फॅक्टर' असतो, तो इथे ०.२ धरलाय. आट्यांना तेल लागलेलं असेल आणि तो फॅक्टर ०.१५ झाला, तर त्याच ८८ला ताण होतो ४९ किलोन्यूटन. बोल्टने कायमचं न लांबता जेवढं सोसावं असं अपेक्षित आहे, त्या मर्यादेच्या अगदी काठावर. आटे गंजलेले असले आणि फॅक्टर ०.३ झाला, तर २४. पान्हा तोच, माणूस तोच, 'टक्' असा आवाज तोच. टॉर्क रेंचने आवळलेल्या बोल्टांमधला ताण २५-३० टक्के इकडेतिकडे असणं ही या धंद्यातली रोजची गोष्ट आहे, कोणाचा निष्काळजीपणा नव्हे.

आता संगणकातला बोल्ट. तिथे पान्हा नसतो. आटेही बहुतेक वेळा काढलेले नसतात, कारण तेवढे बारीक तुकडे करायचे म्हणजे उत्तर यायला दिवस लागतील. बोल्टच्या दांड्याला मध्ये एक काल्पनिक छेद द्यायचा आणि सॉफ्टवेअरला सांगायचं: इथे ३७ किलोन्यूटन ताण आण. तो आणतो. तंतोतंत, चारही बोल्टांमध्ये सारखा. मग ती लांबी गोठवायची आणि बाहेरचा भार लावायचा. हा क्रम चुकवून चालत नाही. साध्या लवचीक स्प्रिंगांच्या गणितात भार कुठल्या क्रमाने लावले याने फरक पडत नाही, घर्षण आलं की पडतो. आधी आवळून मग ओढलेला सांधा आणि आधी ओढून मग आवळलेला सांधा यांची उत्तरं वेगळी येतात. घर्षणाला आधी काय झालं ते लक्षात राहतं.

पण या सोयीत एक गोष्ट निसटते. ज्या दोन घर्षणांनी ९० टक्के जोर खाल्ला, ती मॉडेलमध्ये नाहीतच. तिथे आहे ते फक्त पट्ट्यांमधलं घर्षण. आट्यांना तेल होतं का, वॉशर कुठला होता, रात्रपाळी होती का, हे सगळं '३७' या एका स्वच्छ आकड्यात बुडून जातं. बोल्ट आवळणारा माणूस मॉडेलमधून नाहीसा होतो. मराठीत 'गृहीत धरणे' याचे दोन अर्थ आहेत. एक गणितातला. दुसरा, 'मला गृहीत धरू नकोस' असं बायको नवऱ्याला सांगते तो. मॉडेलमध्ये आम्ही एकाच वेळी दोन्ही करतो.

पट्ट्यांमधलं घर्षण तरी आम्हाला माहीत असतं का? शाळेत शिकवलेले घर्षणाचे नियम अमोंतोंने १६९९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांमध्ये ते त्याआधी दोनशे वर्षं पडून होते. मग कुलोंने लाकूड, धातू, दोर घेऊन शेकडो मोजमापं केली आणि ती १७८५ मध्ये प्रसिद्ध झाली. घर्षण दाबाच्या प्रमाणात असतं, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. असं का, हे विसाव्या शतकात केंब्रिजला बाउडन आणि टेबर यांच्या कामातून उलगडलं: दोन पृष्ठभाग खरे टेकतात ते फक्त त्यांच्या सूक्ष्म टेकाडांच्या माथ्यांवर, आणि दाब वाढला की हे टेकणारं क्षेत्र वाढतं. म्हणजे घर्षणगुणांक हा लोखंडाचा गुणधर्मच नाही. घनता लोखंडाची असते. घर्षण हे दोन पृष्ठभागांच्या भेटीचं असतं, आणि त्या भेटीत मध्ये जे कोणी येतं त्याचं: तेल, गंज, धूळ, रंग. आपल्याकडच्या पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० या २००७ च्या संहितेत यासाठी एक तक्ता आहे. काहीही प्रक्रिया न केलेला पृष्ठभाग, ०.२०. शॉट किंवा ग्रिट मारून साफ केलेला, ०.५०. रेड लेडचा रंग लावलेला, ०.१. एकाच पोलादाला पाचपट फरक. मला या तक्त्याचा आदर वाटतो, कारण त्यात आकड्याआधी पृष्ठभागाचं वर्णन आहे. कोणाच्या भेटीबद्दल बोलतोय ते आधी विचारलंय.

तर माझी ओळ. नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. ट्रकच्या चासीला लागणारा एक जड ब्रॅकेट, चार एम-१२ बोल्ट. मी घर्षणगुणांक ०.१५ घेऊन मॉडेल चालवलं. चार बोल्टांचा मिळून दाब १४८ किलोन्यूटन, त्याला ०.१५ने गुणलं की सांधा साधारण २२ किलोन्यूटन आडवा भार पेलणार. येणारा भार त्याहून जास्त होता. ब्रॅकेट सरकायला लागला आणि सॉल्व्हर अडखळला. सरकणारा सांधा सोडवणं संगणकालाही जड जातं, तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करून शेवटी हात टेकतो. रात्री अकराला स्क्रीनवर लाल ओळ. दुसऱ्या दिवशी अहवाल द्यायचा होता. सर म्हणाले, "इतक्या कमी फ्रिक्शनने कोण करतं? ०.२ टाक, सगळे तेच घेतात." ०.२ने सांध्याची ताकद ३० किलोन्यूटन झाली. येणारा भार २२ आणि ३० यांच्या मध्ये होता. मॉडेल वीस मिनिटांत सुटलं. मी गृहीतकांच्या पानावर ०.१५ खोडून ०.२ केलं आणि घरी गेले.

यात खोटं काय होतं, हे मला पुष्कळ दिवस सांगता येत नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या मित्राशी यावर मी अनेकदा वाद घातला. त्याचा मुद्दा साधा होता. कोरड्या पोलादाला ०.१५ ते ०.२ दोन्ही आकडे पुस्तकांत मिळतात. तू पहिल्याच दिवशी ०.२ घेतला असतास तर तुला काही वाटलं नसतं. अहवाल अक्षरशः हाच झाला असता. "मग आता का रडतेस? तुझ्या मनात आधी काय होतं ते बोल्टला कळत नाही."

बोल्टला कळत नाही हे खरं. पण मला वाटतं, आकडा एकच असला तरी तो उत्तर पाहण्याआधी घेणं आणि उत्तर पाहून घेणं या दोन वेगळ्या कृती आहेत. आधी घेतलेला आकडा चुकीचा असू शकतो, पण तो दोन्ही बाजूंना चुकू शकतो. कधी मी जास्त घाबरेन, कधी कमी. उत्तर पाहून निवडलेला आकडा नेहमी एकाच बाजूला चुकतो. ट्रकमध्ये असे शेकडो सांधे असतात. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी रात्री अकराला पुस्तकातल्या पट्ट्याचं सोयीचं टोक निवडलं, तर प्रत्येक अहवाल स्वतंत्रपणे बरोबर असेल आणि सगळा ट्रक मिळून खोटा असेल. शिवाय वाचणाऱ्याला ते दिसण्याचा काही मार्ग नाही. 'मानले' या क्रियापदात 'आधी काही वेगळं मानून पाहिलं होतं' हे मावत नाही. सांध्यातलं घर्षण क्रम लक्षात ठेवतं, अहवाल ठेवत नाही.

मित्र यावर म्हणाला, की मग प्रत्येक आकडा मोजून घ्यायचा का? तसं तर इंजिनिअरिंग बंद करावं लागेल. त्याचं हे म्हणणं मी तेव्हाही मान्य केलं आणि आजही करते. न मोजलेला आकडा वापरणं यात अप्रामाणिक काही नाही. गृहीतकाशिवाय पूल नाही, पंखा नाही, सायकलही नाही. 'जरा सुरक्षित बाजूचा आकडा घ्यावा' हा सल्लाही बोल्टच्या बाबतीत वाटतो तितका सोपा नाही. आट्यांमधलं घर्षण जास्त धरलं तर ताण कमी पडतो आणि सांधा सरकेल अशी भीती; कमी धरलं तर बोल्ट जास्त ताणला जाऊन तुटेल अशी भीती. सुरक्षित बाजू एकच नसते. म्हणूनच जर्मनीतली व्हीडीआय २२३० ही मार्गदर्शिका एक आकडा न घेता, आवळण्याच्या साधनाप्रमाणे कमाल आणि किमान ताणाचं गुणोत्तर धरायला लावते आणि बोल्टची ताकद एका टोकाला, सांध्याची पकड दुसऱ्या टोकाला तपासते. थोडक्यात, मला माहीत नाही हे गणितातच लिहून टाकते.

वाद तिथेच राहिला असता. पण वर्षभराने दोन गाड्यांचे ब्रॅकेट सैल होऊन परत आले. कोणाला इजा झाली नव्हती. एकात दोन बोल्ट सैल होते, दुसऱ्यात एक तुटलेला. बैठक झाली. सैल बोल्ट म्हणजे नीट आवळला नव्हता, हा निष्कर्ष पाच मिनिटांत टेबलावर आला, कारण तो फार स्वाभाविक वाटतो. मात्र १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने दाखवून दिलं होतं, की सांध्यात आडवी सरकासरक होत असेल तर व्यवस्थित आवळलेला नटसुद्धा आपोआप उलटा फिरत सैल होतो. पट्ट्या सरकतात तेव्हा आट्यांमधलं घर्षण क्षणभर दुसऱ्याच दिशेला गुंतलेलं असतं, आणि नटाला परत फिरायला वाट मिळते. म्हणजे सैल बोल्ट दोन कारणांनी सैल असू शकतो: आवळणाऱ्याने कमी आवळला, किंवा सांधा मुळातच सरकत होता. परत आलेला बोल्ट हातात घेऊन यातलं कुठलं ते सांगता येत नाही.

मग कसं ठरवायचं? अहवाल पाहून. आणि अहवाल सांगत होता, की सांधा सरकत नाही.

त्या दिवसापर्यंत मी स्वतःला सांगत होते की माझी ओळ फार तर कागदावरची तडजोड आहे. बैठकीत ती पुरावा झाली. ती एका माणसाच्या विरुद्ध साक्ष देत होती, आणि तो माणूस खोलीत नव्हता. तो कंत्राटी होता.

मी बोलले नाही. सरांकडे पाहिलं, ते फाइलकडे पाहत होते.

दोन दिवसांनी मी असेंब्ली लाइनवर गेले. तोवर मी तिथे क्वचितच गेले होते. एक वयस्क फिटर होते, त्यांना सगळे मामा म्हणत. मी विचारलं, हे बोल्ट कसे आवळता? ते म्हणाले, "टॉर्क रेंचनं, मॅडम. दुसरं कशानं? आधी आट्याला तेलाचं बोट लावायचं, मग हलकं जातंय बघा. नाहीतर नवा बोल्ट करकरतो." मी मनात हिशोब करत होते. तेलामुळे ताण वाढतो, कमी होत नाही. म्हणजे त्या पाळीत बोल्ट सैल राहिला असण्याची शक्यता उलट कमीच. मग त्यांनी ब्रॅकेटची पाठ मला दाखवली. जिथे तो चासीला टेकतो तिथे काळा रंग होता, जाड, दोन हातांचा. चासीवरही रंग. "हा रंग दबतो," मामा म्हणाले, "आठ दिवसांनी परत पान्हा लावला की एखादा चकरा घेतो." जे मला पुस्तकातून कळायला हवं होतं ते त्यांना हाताने माहीत होतं: रंगाचा थर दाबाखाली बसतो, बोल्टचा ताण उतरतो, आणि रंगावर रंगाचं घर्षण ०.२ असेल असं समजायला काही आधार नाही. माझा ०.२ कोरड्या, उघड्या पोलादाचा होता. ड्रॉइंगवर रंगाचा रकाना होता. तो मी अहवालाच्या वेळी पाहिला नव्हता, असं मी इतकी वर्षं सांगत आले आहे. खरं म्हणजे मला आठवत नाही.

'हे कोणी दिलं?' बाईंचा प्रश्न मला त्या ब्रॅकेटच्या पाठीसमोर आठवला.

मी सरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या ड्रॉइंगमध्ये टेकणाऱ्या जागेवरचा रंग काढायला लावला, आणि म्हणाले की जुना अहवाल उघडण्यात आता अर्थ नाही, ०.२ काही चूक नव्हतं. ज्याने ते बोल्ट आवळले होते त्याचं कंत्राट महिनाअखेरीला संपलं आणि पुन्हा झालं नाही. त्याचं कारण ती बैठकच होती असं मी शपथेवर सांगू शकत नाही. कंत्राटं अशीही संपतात. मी त्याला कधी भेटले नाही. रंग काढल्याने पुढचे ट्रक सुधारले, एवढं मात्र झालं.

याहून फार मोठ्या प्रमाणावर हेच घडतं तेव्हा काय होतं, ते नंतर इंग्लंडमधल्या ग्रेरिगच्या अपघाताबद्दल वाचताना दिसलं. २३ फेब्रुवारी २००७ च्या रात्री लंडनहून ग्लासगोला जाणारी गाडी तिथे सांध्यांवर, म्हणजे रूळ बदलण्याच्या जागी, घसरली. एक वृद्ध प्रवासी बाई गेली. सांध्याच्या फिरत्या रुळांना धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे बोल्ट सैल होऊन निसटले होते. पाच दिवस आधी व्हायची होती ती तपासणी झाली नव्हती. ती करायची होती त्या माणसापाशी चौकशी थांबवणं अगदी सोपं होतं. ती थांबली नाही. त्या बोल्टच्या सांध्यावर प्रत्यक्षात किती भार येतात आणि तो ते पेलू शकतो का, याची पुरती समज व्यवस्थेकडेच नव्हती, इथपर्यंत ती गेली, आणि २०१२ मध्ये रूळ सांभाळणाऱ्या संस्थेला ४० लाख पौंडांचा दंड झाला. तपासणी चुकली ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही. पण दर आठवड्याला माणसाने पान्हा घेऊन फिरावं आणि सैल होणारा सांधा घट्ट ठेवावा, हेही कोणीतरी कधीतरी गृहीत धरलेलंच होतं. त्याचा आकडा कुठल्या पानावर नव्हता, एवढंच.

हल्ली मी घर्षण दोन टोकांना घेऊन मॉडेल चालवते आणि दोन्ही उत्तरं लिहिते. ग्राहकाला ते आवडत नाही. त्याला पास की नापास एवढंच हवं असतं, आणि 'पृष्ठभाग कोरडा व रंगविरहित असल्यास पास' असं लिहिलं की फोन येतो. कधीकधी मीही थकते आणि एकच आकडा देते. मात्र मॉडेल चालवण्याआधी तो तारीख घालून वहीत लिहून ठेवते. नंतर बदलला तर खोडत नाही, खाली नवी ओळ लिहिते. ती वही कोणी मागत नाही.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नवी लागलेली मुलगी टेबलाशी आली. "मॅडम, फ्रिक्शन किती घेऊ? ०.२ घेऊ?"

मी म्हटलं, "खाली जाऊन विचारून ये, आट्यांना काय लावतात."

ती तासाभराने आली. सकाळच्या पाळीत तेल लावतात. दुपारच्या पाळीत ग्रीस, कारण तेलाचा डबा लांब ठेवलेला असतो. रात्रपाळीची माणसं अजून यायची होती.